खंडेनवमीला लेन्स घासू नका

जुनी कॅमेरापेटी : वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. माळ्यावरून आजोबांची पितळी लेन्स खाली काढलेली असते, ती खंडेनवमीला पूजेत मांडायची असते आणि विचारणा अशी, की तिला झळाळी कशी आणू? त्याच पत्रात दोन ओळी खाली दुसरा प्रश्न येतो : ही लेन्स कुठल्या साली बनली असेल? पहिल्या प्रश्नावर अंमल केला, तर दुसऱ्याचं उत्तर सापडेनासं होतं. हे मी ऐकीव सांगत नाही.

माझ्या वडिलांचा मिरजेत स्टुडिओ होता. हाफ प्लेटचा, म्हणजे फिल्मऐवजी काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा लाकडी कॅमेरा, तीन पायांचा, आणि पुढे पितळी लेन्स. खंडेनवमीला कॅमेरा स्वच्छ पुसून पाटावर मांडायचा, हा घरचा रिवाज. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा लेन्स घासायचं काम माझ्याकडे आलं. वडील भिंगं काढून घेत आणि रिकामी नळी माझ्या हातात देत. चिंचेचा कोळ, मीठ, वर राखेचा हात. समईच्या शेजारी ती समईसारखीच झळकायची आणि मला फार अभिमान वाटायचा. अशी सात वर्षं मी ती घासली. पुढे मी स्वतः लेन्सा उघडून दुरुस्त करायला लागले, तेव्हा एकदा तिचा क्रमांक वाचावा म्हणून डोळ्याला भिंग लावलं. शेवटचा आकडा ३ आहे की ८, ते कळेना. क्रमांकाखाली बारीक तिरक्या अक्षरांत कुणा विक्रेत्याचं नाव कोरलेलं होतं. त्याच्या पहिल्या अक्षराचा वेलांटीसारखा एक फाटा तेवढा उरला होता. ते दुकान कुठलं, हे वडिलांनाही सांगता आलं नाही. त्या लेन्सची तारीख मी माझ्या हातांनी पुसून टाकली.

घरच्या तांब्या-पितळेला जे चालतं ते इथे का चालत नाही, ते आधी सांगते. या नळ्यांचा सोनेरी रंग नुसत्या पितळाचा नसतो. पितळ किंचित तापवून त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात दिलेला असतो. आंबट पदार्थाने किंवा पावडरीने तो हात निघून जातो, कोरीव अक्षरांत भरलेली काळी रेघ निघते आणि अक्षरं दर वर्षी थोडी थोडी उथळ होत जातात. कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर बसवलेला, हे ओळखायची सगळ्यांत चांगली खूण म्हणजे हाच लाखेचा थर. तो सगळीकडे सारखा घासला गेला की सगळे भाग एकाच वयाचे दिसू लागतात.

आता या महिन्याची पत्रं.

प्रश्न (सावंतवाडी) : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पितळी लेन्स मिळाली. साधारण सहा इंच लांब, समोरची काच पावणेतीन इंच. बाजूला फिरवायची गोल कळ आहे, ती फिरवली की नळी पुढेमागे सरकते. वरच्या बाजूला एक आडवी फट कापलेली आहे. नळीवर वळणदार अक्षरांत ‘फोइग्टलेंडर उंड झोन इन ब्राउनश्वाइग’ असं कोरलंय आणि क्रमांक आठ हजारांच्या घरातला आहे. घरात सांगतात, की ही सत्तावनच्या बंडाच्या आधीची. ते खरं असेल का? आणि ती फट कशाची? कुणी मोडतोड केली का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. तुम्ही नाव कळवलंत, पण त्याबरोबर मापं, कळ आणि फटही कळवलीत. जुन्या लेन्सचं नाव मी नेहमी सर्वांत शेवटी वाचते. नाव विक्रेत्याचं असू शकतं, नळी एकाची आणि भिंगं दुसऱ्याची असू शकतात. म्हणून आधी अंग बघायचं, मग नाव.

खोलीत अंधार करा. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या पुढच्या बाजूने थोडा तिरका धरा आणि काचांत उमटणारी त्याची प्रतिबिंबं मोजा. जिथे काच आणि हवा भेटतात, तिथे ठळक प्रतिबिंब पडतं. जिथे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तिथे अगदी फिकट पडतं, नीट बघितल्याशिवाय दिसतही नाही. तुमच्या लेन्सच्या पुढच्या भागात दोन ठळक आणि एक फिकट प्रतिबिंब दिसायला हवं, मागच्या भागात चार ठळक. दोन्ही भाग वेगवेगळे काढून मोजलेत तर गोंधळ होणार नाही. हा हिशेब जुळला, तर तुमच्या हातात पेट्झवालची पोर्ट्रेट लेन्स आहे : पुढे चिकटवलेली जोडी, मागे मध्ये हवा सोडून ठेवलेली जोडी.

योझेफ पेट्झवाल व्हिएन्नात गणिताचे प्राध्यापक होते. डागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढण्याची पद्धत १८३९ साली जगापुढे आली, तेव्हाच्या लेन्सा इतक्या मंद होत्या, की माणसाला कित्येक मिनिटं उन्हात निश्चल बसावं लागे. १८४० मध्ये पेट्झवालनी गणिताने आखून नवी लेन्स काढली. आकडेमोडीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिमतीला दिले होते. ती लेन्स साधारण एफ/३.६ एवढी उघडी होती (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), म्हणजे आधीच्या लेन्सांच्या पंधरा-वीस पट उजेड आत घेणारी. माणसाचा चेहरा काही सेकंदांत घेता येऊ लागला, तो तिच्यामुळे. आपल्या पणजोबांचे जे ताठ बसलेले फोटो भिंतीवर आहेत, त्यांतले कितीतरी याच बांधणीच्या लेन्समधून उतरलेले आहेत. व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडरनी ती बनवून विकायला सुरुवात केली, पण पेटंट ऑस्ट्रियापुरतंच होतं. त्यामुळे पॅरिस, लंडन, अमेरिका, सगळीकडे तिच्या नकला झाल्या. म्हणूनच नुसती बांधणी पेट्झवालची आहे एवढ्यावरून साल सांगता येत नाही. ही बांधणी पुढे कित्येक दशकं चालू राहिली.

आता नाव वाचू. फोइग्टलेंडरनी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला कारखाना काढला तो १८४९ साली, त्याआधीच्या लेन्सांवर व्हिएन्नाचं नाव असे. म्हणजे तुमची लेन्स १८४९ च्या आधीची नाही. दुसरीकडे, त्यांची दहा हजारावी लेन्स १८६२ साली पुरी झाली आणि तुमचा क्रमांक आठ हजारांतला आहे. म्हणजे १८६२ च्या नंतरचीही नाही. ही तेरा वर्षं मी खात्रीने लिहून देते. क्रमांक दहा हजारांच्या जवळचा असल्याने या तेरा वर्षांच्या उत्तरार्धाकडे माझा कल आहे, पण सत्तावनच्या आधी की नंतर हा निवाडा नुसत्या लेन्सवरून होणार नाही. घरची आठवण खोटी ठरत नाही, एवढं मात्र नक्की. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. त्या काळात अशी लेन्स मुंबईच्या बंदरात उतरून कोकणात आली, यात अशक्य काही नाही. घरात जुनं पत्र, पावती, एखाद्या फोटोच्या मागे तारीख, असं काही सापडलं तर मला जरूर कळवा.

तुमची ती फट. ही मोडतोड नव्हे. इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाऊसनी १८५८ साली एक युक्ती मांडली : पितळी पट्ट्यांना वेगवेगळ्या मापांची भोकं पाडायची आणि हवी ती पट्टी नळीच्या फटीतून आत सरकवायची. उजेड कमी-जास्त करायला यापूर्वी लेन्सच्या तोंडावर चकत्या बसवाव्या लागत. युक्ती इतकी सोयीची होती, की लोकांनी आपल्या जुन्या लेन्सांनाही फटी कापून घेतल्या. तेव्हा फटीची कड बारकाईने बघा. लाखेचा सोनेरी थर फटीच्या आतल्या कडेपर्यंत सलग उतरला असेल, तर फट कारखान्यातली आणि लेन्स १८५८ नंतरची. मग तुमची तेरा वर्षं एकदम चारांवर येतील. थर कडेशी तुटलेला असेल, कानशीचे ओरखडे असतील, फट अक्षरांच्या अंगावर चढली असेल, तर ती नंतर कापलेली. हे सगळं त्या कडेवरच्या केसाएवढ्या थरावर ठरणार आहे. म्हणून हात जोडून सांगते, ती घासू नका.

आणखी एक. मागचा भाग उघडलात, तर दोन काचांमध्ये एक पितळी कडं असेल. कुठली काच पुढे होती, तिची कुठली बाजू कुणीकडे होती, याचं चित्र कागदावर काढल्याशिवाय काही हलवू नका. साफ करताना ही जोडी उलटी बसवली गेलेल्या कितीतरी लेन्सा माझ्यापुढे आल्या आहेत. मालक म्हणतात, लेन्स खराब झाली, फोटो धूसर येतो. ती बिचारी धडधाकट असते.

प्रश्न (पेण) : आमच्याकडेही तशीच पितळी नळी आहे, कळसुद्धा आहे. पण नाव नाही, क्रमांक नाही, फट नाही. लेन्स उघडझाप करायची काही सोयच दिसत नाही. ट्रंकेत तिच्याबरोबर लाकडी चौकटीतल्या रंगवलेल्या काचाही आहेत, देवादिकांच्या. फोटोग्राफर तर घरात कुणी नव्हता.

उत्तर : फोटोग्राफर नव्हताच. तुमच्याकडे आहे ती मॅजिक लँटर्नची, म्हणजे दिव्याच्या उजेडात काचेवरचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राची लेन्स. तिचीही बांधणी बहुधा पेट्झवालचीच असते. पण पडद्यावर चित्र टाकताना उजेड कमी करायचा नसतो, त्यामुळे फट नाही, पाती नाहीत. बाजारात ‘दुर्मिळ पोर्ट्रेट लेन्स’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या निनावी नळ्यांत या लँटर्नच्या लेन्सा पुष्कळ असतात. पॅरिसच्या दार्लोसारख्या कारागिरांनी कॅमेऱ्याच्या लेन्सा केल्या तशा लँटर्नच्याही केल्या. फ्रेंच लेन्स असेल तर भिंगाच्या कडेवर, म्हणजे नळीत झाकली जाणाऱ्या गोल धारेवर, पेन्सिलीने केलेली सही किंवा आकडा कधी कधी सापडतो. भिंग सुटं झालंच तर ती कड ओल्या कापडाने पुसू नका.

पण खरं सांगू? तुमच्या ट्रंकेतलं मोलाचं धन लेन्स नाही, त्या काचा आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास रंगवलेल्या काचांचे असेच खेळ सुरू केले. त्याला ‘शांबरिक खरोलिका’ म्हणत. काचा मागेपुढे सरकवून चित्रं हलती करत, बरोबर कथा आणि संगीत असे, आणि गावोगाव लोक ते बघायला जमत. सिनेमा आपल्याकडे यायच्या आधीची ही गोष्ट. तुमच्या काचा त्यांच्या आहेत असं मी म्हणत नाही. तशा विलायतेहूनही येत आणि इतरही रंगवत. पण प्रत्येक काच उजेडासमोर धरून तिचा फोटो घ्या, चौकटीवर काही अक्षरं असतील तर तीही टिपा, आणि काचा उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. रंग पाण्याने सुटू शकतो, तेव्हा पाण्याचा थेंबही नको. जमलं तर मी स्वतः पेणला येऊन बघेन.

प्रश्न (पुणे) : मी पंचवीस वर्षांचा आहे. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात एक्स-रे फिल्म कापून घालतो आणि फोटो काढतो. लेन्सवर ‘रॅपिड रेक्टिलिनियर ८½ × ६½’ लिहिलंय, बनवणाऱ्याचं नाव झिजलंय. आत फिरवायची पाती आहेत आणि कडेवर ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे. उजेड मोजायच्या मीटरप्रमाणे लावलं तरी घोळ होतो. ४ आणि ८ वर निगेटिव्ह पातळ येते, ३२ आणि ६४ वर जाड. फक्त १६ वर बरोबर. पाती वाकलीत का?

उत्तर : पाती सरळ आहेत, आणि तुम्ही पाच आकड्यांवर पाच वेळा तपासलंत याबद्दल शाबासकी. आकडे वेगळ्या मोजणीचे आहेत. ग्रेट ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८८१ साली ‘युनिफॉर्म सिस्टिम’ नावाची मोजणी ठरवली. तिच्यात एफ/४ ला १ म्हणायचं आणि पुढे जितका वेळ दुप्पट, तितका आकडा दुप्पट. म्हणजे तुमचा ४ हा एफ/८ आहे, ८ हा एफ/११, १६ हा एफ/१६, ३२ हा एफ/२२ आणि ६४ हा एफ/३२. दोन्ही मोजण्या फक्त सोळावर एकमेकींना भेटतात, म्हणून तेवढाच बरोबर येतो. मीटर एफ/८ म्हणाला आणि तुम्ही ८ लावलात, की आत जातो एफ/११ एवढाच उजेड, म्हणजे निम्मा. ३२ वर हेच उलटं होतं. ४ आणि ६४ वर चूक दोन स्टॉपची, म्हणजे चौपट. एका चिकटपट्टीवर खरे आकडे लिहा आणि ती लाकडाला लावा. लेन्सला नको.

खात्री करायची तर पडताळा सोपा आहे. खिडकीबाहेरचं लांबचं झाड कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर स्पष्ट आणा आणि पातींपासून काचेपर्यंत अंतर मोजा. तुमची लेन्स दोन्हीकडून सारखी असल्याने केंद्रांतर, म्हणजे फोकल लेंग्थ, जवळपास तेवढीच. मग पाती पूर्ण उघडून समोरून दिसणाऱ्या भोकाचा व्यास मोजा आणि अंतराला त्याने भागा. आठाच्या आसपास उत्तर आलं, की तुमचा ४ हा एफ/८ आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत.

साल आता असं बांधू. रॅपिड रेक्टिलिनियर हे नाव लंडनच्या जॉन हेन्री डालमायरनी १८६६ मध्ये दिलं. म्युनिकच्या स्टाइनहाइलनी त्याच वर्षी तशीच लेन्स ‘अप्लानाट’ नावाने काढली. मधल्या पातींच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली एकेक सारखी जोडी, टॉर्च धरलात तर प्रत्येक बाजूला दोन ठळक, एक फिकट. घरांच्या कडा हिच्यात वाकत नाहीत, म्हणून नाव रेक्टिलिनियर, सरळ रेषांची. म्हणजे १८६६ ही एक कड. आकड्यांमुळे ती १८८१ वर सरकली. फिरवायची पाती सर्रास दिसू लागली ती १८८० च्या दशकात उशिरा, तोवर पट्ट्याच चालत. दुसरी कड तेवढी पक्की नाही, कारण नव्या लेन्सा आल्यावरही स्वस्त कॅमेऱ्यांवर ही बांधणी आणि ही मोजणी विसाव्या शतकात बरीच वर्षं टिकली. उघडं पितळ आणि लाकडी प्लेट कॅमेरा बघून मी १८८५ ते १९०५ म्हणेन. आणि ८½ × ६½ हे लेन्सचं माप नव्हे, ती किती मोठी काच झाकते ते आहे. व्होल प्लेट, इंचांत.

प्रश्न (नागपूर) : प्रदर्शनातून ‘व्हिक्टोरियन कॅमेरा लेन्स’ म्हणून घेतली. लंडनच्या प्रसिद्ध कंपनीचं नाव ठळक कोरलंय, शिवाय ‘१८७०’ असं सालही. नव्यासारखी चमकते. चांगली मिळाली ना?

उत्तर : तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. लेन्स जुनी नाही. सांगताना वाईट वाटतं, पण आता कळलेलं बरं. त्या काळचे कारागीर क्रमांक कोरत, साल कोरल्याचं माझ्या बघण्यात जवळजवळ नाही. आटे जाड आणि ढिले आहेत, जुन्या नळ्यांचे आटे इतके बारीक, की झाकण दोन बोटांनी रेशमासारखं फिरतं. नळीच्या आतून काळा हात नाही, त्याशिवाय फोटो घेताच येत नाही, आत उजेड उसळत राहतो. आणि पुढे-मागे एकेकच साधं भिंग आहे. आपल्या देशात मुरादाबाद, रुरकीकडे पितळी दुर्बिणी, होकायंत्रं शोभेसाठी बनतात, त्या कामात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण शोभेची वस्तू म्हणूनच ती विकली जायला हवी होती. विक्रेत्याकडे लेखी पावती मागा आणि पैसे परत मागा.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड) : मी मूळची साताऱ्याची, इथे अकरा वर्षं राहते. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पितळी लेन्स मिळाली. वर ‘कुक’ लिहिलंय आणि खाली ‘टेलर, टेलर अँड हॉब्सन, लेस्टर’. मग बनवली कुणी? समोरच्या काचेवर निळसर-जांभळी झाक आली आहे, साबणाने जात नाही. पॉलिश करून घेऊ का?

उत्तर : नका! तुमच्या हातात कुठली लेन्स आहे ते ऐका, म्हणजे मी एवढ्या कळकळीने का सांगते ते कळेल.

यॉर्कमध्ये टी. कुक अँड सन्स नावाची दुर्बिणी बनवणारी कंपनी होती. तिथे हॅरोल्ड डेनिस टेलर भिंगांचं काम बघत. १८९३ साली त्यांनी तीनच सुट्या भिंगांची लेन्स आखली, ‘कुक ट्रिप्लेट’. दोन बाहेरची फुगीर, मधलं खोलगट, एकही जोड चिकटवलेला नाही. कंपनीला फोटोच्या लेन्सांच्या धंद्यात उतरायचं नव्हतं. म्हणून बनवायचा हक्क लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सनकडे गेला आणि मान राखायला कुक हे नाव लेन्सवर राहिलं. योगायोग असा, की त्या कंपनीतले टेलर बंधू वेगळे, डेनिस टेलरांशी त्यांचं नातं नाही. म्हणजे तुमची लेन्स आखली यॉर्कला आणि घडली तुम्ही राहता त्याच गावात.

टॉर्च धरलात तर सहा ठळक प्रतिबिंबं मोजता येतील, फिकट एकही नाही. अक्षरं बघा, सगळी एका उंचीची, एका खोलीची असतील. लेन्सांवर अक्षरं कोरण्यासाठी या कंपनीने स्वतःचं कोरणीयंत्र बनवलं होतं. सावंतवाडीच्या लेन्सवरच्या वळणदार, हाताने काढलेल्या अक्षरांशेजारी ही ठेवली, तर मधली चाळीस वर्षं नुसत्या अक्षरांत दिसतील. साल १८९३ च्या नंतरचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उघडं पितळ मागे पडून काळा रंग आणि अॅल्युमिनियम आलं, तेव्हा दुसरी कड मी १९१४ च्या आसपास धरते.

आणि ती निळसर झाक. १८९० च्या दशकात याच डेनिस टेलरांच्या लक्षात आलं, की हवेने अशी झाक चढलेली जुनी भिंगं नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त उजेड पलीकडे जाऊ देतात. त्या पातळ थरामुळे काचेवरून परावर्तन कमी होतं. ती झाक मुद्दाम आणण्याच्या पद्धतीचं त्यांनी १९०४ साली पेटंटही घेतलं. पुढे १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग-कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलांनी काचेवर थर चढवण्याची जी रीत शोधली, आज तुमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर आहे तो जांभळा थर, तिची ही पहिली चाहूल. ज्या माणसाने तुमची लेन्स आखली, त्यानेच ती झाक उपकारक आहे हे ओळखलं. तुम्ही तीच पुसून टाकायला निघाला होतात.

मात्र झाक आणि बुरशी यांत फरक करा. झाक सलग असते, तेलाच्या तवंगासारखी. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फोडत जाते. बुरशी असेल तर लेन्स कोरड्या जागी हलवा आणि जाणत्या माणसाकडे द्या.

प्रश्न (कोल्हापूर) : ताई, तुम्ही दर वर्षी घासू नका म्हणता. मग खंडेनवमीला पूजा करायचीच नाही का? आमच्या आजोबांचं ते हत्यार होतं.

उत्तर : पूजा जरूर करा. हत्याराचा मान ठेवणं हाच तर त्या दिवसाचा अर्थ आहे. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटका, रंगाऱ्याचा नवा कुंचला चालतो. मग धुतलेलं जुनं सुती कापड, तेही कोरडं. हिरवट डाग असेल तर तो तसाच राहू द्या. भिंगावर फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ बसते, रबरी फुगा वापरा. झाकण असेल तर ते लावून लेन्स पाटावर मांडा, फूल पुढ्यात ठेवा, अंगावर नको, त्याचा ओलावा आत उतरतो. उदबत्ती हातभर लांब. आणि हळदकुंकू कॅमेऱ्याच्या लाकडाला लावा. पितळावर हळदीचा डाग बसला, की पुढच्या वर्षी कुणीतरी चिंच घेऊन येतं.